दहा रुपयांचा फ्यूज, लाखोंचा ट्रक: जुन्या गाडीचं वायरिंग पेटतं कसं आणि ते रोखायचं कसं?

रात्रीचे अडीच वाजलेत. घाट चढून आलेला जुना ट्रक ढाब्यावर उभा आहे. चालक केबिनमध्येच आडवा झालाय. इंजिन बंद आहे, चावी खिशात आहे. म्हणजे गाडी बंद आहे, असं त्याला वाटतंय.

पण डॅशबोर्डच्या मागे एक वायर अजून जिवंत आहे. दोन वर्षांपूर्वी पंखा आणि म्युझिक सिस्टीम लावताना ती थेट बॅटरीवरून ओढली होती. मध्ये स्विच नाही, फ्यूज नाही. केबिनच्या पत्र्यातल्या भोकातून जाताना ती दोन वर्षं हजारो धक्के खात पत्र्याच्या कडेवर घासत राहिली. आज तिचं कव्हर संपलं आणि आतलं तांबं पत्र्याला टेकलं.

पुढचं सगळं काही सेकंदांत होतं. आधी जळक्या प्लॅस्टिकचा वास, मग धूर, मग ठिणगी.

ही कुठल्या एका ट्रकची गोष्ट नाही. वायरिंगमुळे गाडी पेटते तेव्हा घटनाक्रम बहुतेकदा असाच असतो. बातमीत एका ओळीत येतं, 'शॉर्टसर्किटमुळे ट्रक जळून खाक'. पण शॉर्टसर्किट झालं की आग लागलीच पाहिजे, असा काही नियम नाही. त्या वायरीच्या सुरुवातीला योग्य आकड्याचा एक फ्यूज असता, तर फक्त पंखा आणि गाणी बंद पडली असती. चालक सकाळी उठून वैतागला असता, एवढंच.

मग हा फ्यूज नेमकं करतो काय, तो किती अँपिअरचा हवा, कुठे हवा आणि जुन्या ट्रकला तो नव्याने कसा बसवतात?

२४ व्होल्टचा शॉक लागत नाही, मग आग कशी लागते?

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. छोट्या मालवाहू गाड्यांत बहुतेकदा १२ व्होल्टच असतात. घरातल्या २३० व्होल्टच्या तुलनेत हे काहीच नाही. कोरड्या हाताने बॅटरीची दोन्ही टोकं धरली तरी झटका बसत नाही. त्यामुळेच 'गाडीच्या करंटला काय घाबरायचं' अशी सवय लागते.

घोळ इथेच होतो. शॉक व्होल्टवर अवलंबून असतो, तर आगीचा संबंध अँपिअरशी असतो. वायर किती तापेल, हे तिच्यातून किती करंट जातो त्यावर ठरतं. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. आणि ट्रकची बॅटरी बनवलेलीच असते इंजिनाचा स्टार्टर फिरवायला, म्हणजे एका क्षणात शेकडो अँपिअर सोडायला.

एक साधा हिशेब करून बघा. एक चौरस मिलिमीटर जाडीची, पाच मीटर लांबीची तांब्याची वायर बॅटरीपासून केबिनपर्यंत आली आहे आणि तिचं टोक चेसिसला टेकलं. त्या वायरीचा विरोध जेमतेम ०.०८६ ओहम असतो. बॅटरी, चेसिस आणि सांधे यांचा विरोध जमेस धरून करंट २०० अँपिअर मानला, तरी त्या वायरीत साधारण ३,४०० वॅट उष्णता तयार होते. म्हणजे घरातल्या तीन इस्त्र्यांहून जास्त उष्णता एका बारीक वायरीत.

त्या पाच मीटर वायरीत तांबं असतं फक्त ४५ ग्रॅमच्या आसपास. एवढंसं तांबं या उष्णतेने एका सेकंदात सुमारे २०० अंशांनी तापतं. वायरीवरचं साधं पीव्हीसी कव्हर ७० ते १०० अंशांपर्यंतच टिकेल असं बनवलेलं असतं. म्हणजे कव्हर वितळायला पहिला सेकंदही पुरतो. शिवाय जळणाऱ्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. डोळ्यांना आणि घशाला झोंबतो तो हाच. बंद केबिनमध्ये झोपलेल्या माणसाला तर ज्वाळेच्या आधी हा धूरच गाठतो.

आणि ही वायर एकटी नसते. ती दहा-पंधरा वायरींच्या जुडग्यात बांधलेली असते. एकीचं कव्हर गेलं की शेजारणीचंही जातं. मग आग एका वायरीची राहत नाही.

फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा

फ्यूजमध्ये एक बारीक धातूची पट्टी असते. गाडीच्या आजच्या ब्लेड फ्यूजमध्ये ती सहसा जस्ताची असते. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, तांब्याला त्यासाठी १,०८५ अंश लागतात. करंट मर्यादेपलीकडे गेला की सगळ्यात आधी ही पट्टी वितळते, सर्किट तुटतं आणि वायर वाचते.

इथे एक गोष्ट बरेच जण उलटी समजतात. फ्यूज हा दिवा, हॉर्न किंवा म्युझिक सिस्टीम वाचवण्यासाठी नसतो. तो वायर वाचवण्यासाठी असतो. म्हणून फ्यूज निवडताना 'यावर काय चालतं' एवढंच विचारून भागत नाही. 'याच्या पुढे सगळ्यात बारीक वायर कोणती आहे' हा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

दुसरा गैरसमज म्हणजे १० अँपिअरचा फ्यूज १० अँपिअर झाले की लगेच उडतो. तसं होत नाही. ब्लेड फ्यूज त्याच्या आकड्यापेक्षा दहा टक्के जास्त करंट तासन् तास सोसतो. ३५ टक्के जास्त झाला तर उडायला काही मिनिटंही लागू शकतात. दुप्पट झाला तर पाच सेकंदांच्या आत उडतो. आणि शॉर्ट झाला, म्हणजे करंट वीसपट झाला, तर डोळ्याची पापणी लवायच्या आत काम संपतं. म्हणून वायरीची ताकद फ्यूजच्या आकड्यापेक्षा बरीच जास्त ठेवायची असते.

जुन्या ट्रकमध्येच हा धोका जास्त का?

पहिलं कारण मूळ रचनेत आहे. जुन्या गाड्यांच्या फ्यूज बॉक्समध्ये मोजकेच फ्यूज असायचे. एकाच फ्यूजवर टेललाइट, मीटरचे दिवे आणि नंबर प्लेटचा दिवा असा अख्खा संसार चालायचा. काही वायरींना तर फ्यूजच नसायचा. बॅटरीवरून इग्निशन स्विचकडे येणारी मुख्य वायर बऱ्याच जुन्या गाड्यांत तशीच उघडी आढळते.

दुसरं कारण फ्यूजच्या जातीत आहे. अनेक जुन्या गाड्यांत बुलेटच्या आकाराचे, चिनी मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या दांडीवर पत्र्याची पट्टी बसवलेले फ्यूज असतात. ते दोन पितळी स्प्रिंगांच्या मध्ये नुसते दाबून बसवतात. वर्षानुवर्षं धूळ आणि ओल खाऊन स्प्रिंग ढिली होते, हिरवा गंज चढतो. मग संपर्क कच्चा होतो, तिथेच उष्णता तयार होते आणि कधी कधी फ्यूज न उडता फ्यूज बॉक्सच वितळतो. आजचा चपटा ब्लेड फ्यूज अमेरिकेतल्या लिटलफ्यूज कंपनीने १९७० च्या दशकात आणला. तो घट्ट रुतून बसतो, पारदर्शक प्लॅस्टिकमधून आतली पट्टी दिसते आणि रंगावरून आकडा कळतो.

तिसरं आणि सगळ्यात मोठं कारण आहे नंतर जोडलेल्या गोष्टी. ट्रक वीस वर्षं चालतो. त्यात त्याला जादा हेडलाइट लागतात, टपावर दिव्यांची माळ येते, प्रेशर हॉर्न येतो, पंखा, चार्जर, कॅमेरा, जीपीएस येतं. उसाच्या हंगामात मागे जादा लाल दिवे लागतात. प्रत्येक वेळी वेगळ्या गावचा वायरमन, वेगळी वायर आणि 'डायरेक्ट देऊन टाकतो' हे ठरलेलं वाक्य. डायरेक्ट म्हणजे थेट बॅटरीवरून, फ्यूजशिवाय.

चौथं कारण वय. इंजिनजवळची उष्णता, डिझेल आणि तेलाचा स्पर्श, रस्त्यावरचे धक्के यांनी वायरीचं कव्हर कडक होऊन तडकतं. उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळंच.

'मोठा फ्यूज टाक, सारखा उडणार नाही'

हा गॅरेजमधला सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात महाग पडणारा सल्ला.

फ्यूज सारखा उडतोय याचा अर्थ दोनच असू शकतात. एक तर त्या सर्किटवर लोड वाढलाय, किंवा वायर कुठेतरी शॉर्ट होतेय. १० च्या जागी ३० चा फ्यूज टाकला की यातलं एकही कारण दूर होत नाही. फक्त आता सगळ्यात कच्चा दुवा फ्यूज राहत नाही. ती जागा वायर घेते.

सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं, तांब्याची तार पिळून लावणं, घरातली फ्यूज तार वापरणं, खिळा अडकवणं हे सगळे प्रकार याच जातीतले. रस्त्यात अडचण आली म्हणून लावलेली ती तार पुढची दहा वर्षं तिथेच राहते. गाडी विकली जाते, नव्या मालकाला पत्ताही नसतो.

साधा नियम असा: फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा एकदा बदलून बघा. दुसऱ्यांदा उडाला तर फ्यूज बदलणं थांबवा आणि वायर शोधायला लागा.

किती अँपिअरचा फ्यूज लावायचा?

यासाठी एकच गणित लागतं, तेही शाळेतलं. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर.

२४ व्होल्टच्या ट्रकचा हेडलाइटचा एक बल्ब समजा ७५ वॅटचा आहे. ७५ भागिले २४ म्हणजे ३.१ अँपिअर. यात पाव भाग मोकळीक धरायची, म्हणजे ३.९. बाजारात त्याच्या वरचा आकडा ५ चा मिळतो. म्हणजे एका हेडलाइटला ५ अँपिअरचा फ्यूज.

हाच हिशेब १२ व्होल्टच्या गाडीत बदलतो. ६० वॅटचा बल्ब तिथे ५ अँपिअर खातो. पाव भाग वाढवला की ६.२५ होतात, म्हणून साडेसातचा फ्यूज. तेवढ्याच वॅटला १२ व्होल्टमध्ये दुप्पट करंट लागतो. त्यामुळे एका गाडीचं वायरिंग बघून दुसऱ्या गाडीत जसंच्या तसं उतरवणं चुकीचं ठरतं.

मागचे दोन ब्रेकलाइट प्रत्येकी २१ वॅटचे असतील, तर २४ व्होल्टवर दोन्ही मिळून पावणेदोन अँपिअर लागतात. त्याला ३ चा फ्यूज पुरतो. एलईडी दिव्यांच्या माळेला तर त्याहून कमी लागतं, पण तिच्या वायरी इतक्या बारीक असतात की तिथे १५ चा फ्यूज लावणं म्हणजे न लावण्यासारखंच.

आता वायरीची बाजू. तांब्याच्या वायरीसाठी फ्यूजची सुरक्षित मर्यादा साधारण अशी धरावी:

- अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीला ५ अँपिअर
- पाऊणच्या वायरीला साडेसात
- एकच्या वायरीला १०
- दीडच्या वायरीला १५
- अडीचच्या वायरीला २०
- चारच्या वायरीला ३०
- सहाच्या वायरीला ४०

म्हणजे फ्यूजचा आकडा लोडपेक्षा जास्त हवा आणि वायरीच्या मर्यादेपेक्षा कमी किंवा तेवढाच हवा. दोन्ही अटी एकदम जमत नसतील, तर फ्यूज वाढवायचा नाही, वायर जाड करायची.

ब्लेड फ्यूजचे रंग जगभर ठरलेले आहेत, ते लक्षात ठेवले की रात्री टॉर्चच्या उजेडातही चूक होत नाही. ३ जांभळा, ५ फिकट बदामी, साडेसात तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा-पारदर्शक आणि ३० हिरवा. या फ्यूजवर सहसा ३२ व्होल्टची मर्यादा लिहिलेली असते, त्यामुळे ते १२ आणि २४ दोन्ही गाड्यांना चालतात.

फ्यूज बसवायचा कुठे?

शेताला पाणी देणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पाट फुटला तर पाणी कुठे अडवायचं? जिथे पाटाला पाणी सुटतं त्या दारावर. शेताच्या शेवटच्या वाफ्यात उभं राहून काही उपयोग नसतो.

फ्यूजचंही तसंच आहे. तो करंट जिथून निघतो तिथे, म्हणजे बॅटरीजवळ हवा. बरेचदा म्युझिक सिस्टीमसोबत आलेला फ्यूज डॅशबोर्डच्या मागेच असतो. तो सिस्टीमपासून पुढचं बघतो, पण बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंतची पाच मीटर वायर उघडीच राहते. आणि घासण्याचा, तापण्याचा धोका नेमका त्याच पाच मीटरमध्ये असतो. बॅटरीच्या टोकापासून शक्यतो एक वीत अंतराच्या आत मुख्य फ्यूज बसवावा, असं ठोकताळ्याने सांगता येतं.

जुन्या ट्रकला सगळ्यात सुटसुटीत पडते ती दोन पायऱ्यांची रचना. बॅटरीजवळ एक मोठा मुख्य फ्यूज. तिथून एक जाड वायर केबिनमध्ये नव्या फ्यूज बॉक्सला. आणि बॉक्समधून प्रत्येक जादा उपकरणाला स्वतःचा छोटा फ्यूज. मुख्य वायर सहाची असेल तर मुख्य फ्यूज ४० चा. तो त्या जाड वायरीची राखण करतो, छोटे फ्यूज आपापल्या वायरीची. हॉर्नची वायर शॉर्ट झाली तर फक्त हॉर्न बंद पडतो, दिवे चालू राहतात.

प्रत्यक्ष काम कसं होतं?

हे काम अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं. पण मालकाला आणि चालकाला पायऱ्या माहीत असल्या की काम नीट झालं की नाही ते कळतं.

१. आधी यादी. नंतर जोडलेली प्रत्येक गोष्ट, तिचे वॅट, तिची वायर कुठून येते आणि मध्ये फ्यूज आहे का, हे वहीत लिहून काढायचं. बहुतेक मालकांना पहिला धक्का या यादीतच बसतो.

२. बॅटरी सोडवणं. नेहमी निगेटिव्ह आधी काढायचं. पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात आणि पाना चेसिसला टेकला, तर तिथेच शॉर्ट होतो. जोडताना उलट, पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी. हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवायचं. पाना आणि चेसिसच्या मध्ये ते सापडलं तर बोट भाजतं.

३. बॉक्सची जागा. फ्यूज बॉक्स कोरड्या, उंच आणि हात पोचेल अशा जागी हवा. पावसाळ्यात पाणी झिरपतं ती जागा नको आणि इंजिनावरची गरम जागाही नको.

४. हेडलाइट वेगवेगळे. डाव्या आणि उजव्या हेडलाइटला एकच फ्यूज असेल तर तो उडताच घाटात, अंधारात दोन्ही दिवे एकदम जातात. दोघांना वेगळे फ्यूज दिले की एक दिवा तरी शिल्लक राहतो.

५. जड लोडला रिले. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फिरून जातो. त्यात स्विच तापतो, लांबलचक वायरीत व्होल्ट पडतात आणि दिवा पिवळट लागतो. रिले लावला की स्विच फक्त इशारा देतो आणि खरा करंट जवळच्या वाटेने जातो. रिलेवर ३० आणि ८७ लिहिलेल्या टोकांमधून मुख्य करंट जातो, तर ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं. फ्यूज बॅटरी आणि ३० यांच्या मध्ये हवा. २४ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टचा रिले लावला तर कॉइल जळते, तेही बघून घ्यायचं.

६. सांधे. वायर पिळून वर काळी टेप गुंडाळणं म्हणजे सांधा नव्हे. उन्हाळ्यात टेपचा चिकट विरघळतो आणि टेप सुटते. योग्य मापाचं थिंबल चिमट्याने घट्ट दाबून बसवावं आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. दाबल्यावर वायर जोरात ओढून बघायची. हातात आली तर काम पुन्हा करायचं.

७. वायरीची वाट. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट हवा. वायरी नागमोडी प्लॅस्टिक पाइपमधून न्यायच्या, दर वीतभर अंतरावर बांधायच्या आणि सायलेन्सर, डिझेलचे पाइप यांच्यापासून लांब ठेवायच्या.

८. अर्थिंग. गाडीत करंट परत जातो तो चेसिसमधून. अर्थचं थिंबल रंगावर किंवा गंजावर बसवलं तर दिवे मंद लागतात आणि तो सांधा तापतो. पत्रा चकचकीत घासून मगच बोल्ट आवळायचा.

९. चाचणी. जुन्या वायरमनची एक युक्ती आजही कामाची आहे. पहिल्यांदा फ्यूज न लावता त्याच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडायचा, बल्ब गाडीच्याच व्होल्टचा घ्यायचा. सगळे स्विच बंद असताना बल्ब पूर्ण तेजाने पेटला, तर वायर कुठेतरी शॉर्ट आहे. बल्ब विझलेला राहिला तर फ्यूज लावायला हरकत नाही. यात एकही फ्यूज वाया जात नाही.

१०. नावं लिहिणं. बॉक्सच्या झाकणावर कोणता फ्यूज कशाचा आणि किती अँपिअरचा, हे लिहून चिकटवायचं आणि प्रत्येक आकड्याचे दोन फ्यूज गाडीत ठेवायचे. रात्री सुटा फ्यूज हाताशी असला की सिगारेटच्या चांदीची आठवण येत नाही.

'एका बॅटरीवरून १२ व्होल्ट घे' ही युक्ती का नडते?

२४ व्होल्टच्या ट्रकमध्ये १२ व्होल्टची म्युझिक सिस्टीम लावायची असली की सर्रास एक वाट धरली जाते. दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढायची. गाणी वाजतात, काम स्वस्तात होतं.

पण अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्या एकत्रच चार्ज करतो. एकीतून रोज जास्त करंट काढला की ती कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते. एकीचं आयुष्य उपासमारीत आणि दुसरीचं अजीर्णात संपतं. वर ती मधली वायर बहुतेकदा फ्यूजशिवायच असते. एका बॅटरीला टेकलेली वायरही शेकडो अँपिअर सोडू शकते, हे विसरलं जातं.

याला सरळ उपाय म्हणजे २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर. त्याच्या आधी २४ च्या बाजूला एक फ्यूज आणि पुढे १२ च्या बाजूला दुसरा.

फ्यूज काय करू शकत नाही?

फ्यूज लावला म्हणजे सगळा धोका संपला, असं नाही. ढिल्या सांध्यात उष्णता तयार होते तेव्हा करंट वाढलेला नसतो. त्यामुळे फ्यूजला काही कळतच नाही. सांधे वर्षातून एकदा हाताने तपासणं, तापलेलं किंवा काळं पडलेलं थिंबल बदलणं याला पर्याय नाही. आठ वर्षांपेक्षा जुन्या व्यावसायिक वाहनाला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याआधी दिवे तपासले जातातच, तेव्हाच फ्यूज बॉक्स उघडून बघता येतो.

दुसरी गोष्ट स्टार्टरची जाड केबल. ती शेकडो अँपिअर वाहते, म्हणून तिला सहसा फ्यूज नसतो. ती कुठेही घासत नाही ना, हे बघावं लागतं. त्यासाठी आणि रात्रीच्या मुक्कामासाठी कट-ऑफ स्विच कामाला येतो. गाडी उभी करून झोपताना तो बंद केला की बॅटरी आणि गाडी यांचा संबंधच तुटतो. मात्र त्याला वळसा घालून थेट बॅटरीवर जोडलेली वायर मागे राहिली नाही ना, हे यादी करतानाच तपासायला हवं.

आणि तरीही धूर दिसलाच तर? गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, कट-ऑफ बंद करायचा आणि सगळ्यांनी आधी खाली उतरायचं. आग लहान असेल तर कोरड्या पावडरचं अग्निशामक वापरायचं. पाणी मारायचं नाही. आग पसरली असेल तर माल आणि कागद यांच्यासाठी पुन्हा केबिनमध्ये शिरायचं नाही.

जुना ट्रक बरेचदा एका घराची सगळी पुंजी असतो. त्यावर बँकेचा हप्ता चालतो, मुलांची फी चालते. टायर गुळगुळीत झाला की मालकाला दिसतो, ब्रेक ढिला झाला की चालकाला पायाखाली कळतो. फ्यूज नसलेली वायर मात्र दिसतही नाही आणि कळतही नाही. म्हणून ती मुद्दाम शोधावी लागते. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये कोणी 'डायरेक्ट देऊन टाकतो' म्हणालं, तर 'फ्यूज कितीचा आणि कुठे लावणार?' एवढं विचारून घ्यायचं.